गोळ्या जमत नाहीत, तांबी काढली... पाळीच्या चक्रावरून नियोजन कोणी करतंय का?

जुईची_आई:
नमस्कार सगळ्यांना. विषय जरा नाजूक आहे पण इथे बऱ्याच जणी मोकळेपणाने लिहितात म्हणून विचारतेय. वय ३१, नाशिकला असतो, मुलगी अडीच वर्षांची. दुसरं मूल हवंय पण आत्ता अजिबात नाही, निदान दोन वर्षं तरी पाळणा लांबवायचाय.

मला अर्धशिशी आहे आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या नागमोडी रेघा येतात, त्यामुळे नेहमीच्या गोळ्या तुम्हाला नकोतच असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग तांबी बसवली, तर पाळीला इतकं जायला लागलं की हिमोग्लोबिन उतरलं आणि शेवटी काढून टाकली. सध्या कंडोम वापरतो. नवऱ्याची तक्रार नाही पण दोघांनाही वाटतं की रोजच लागायला हवा असं थोडीच आहे, महिन्यातले काही दिवस तर दिवस राहण्याची शक्यताच नसते ना?

मोबाईलमध्ये पाळीचं अॅप आहे, ते काही दिवस हिरवे दाखवतं. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी पाळी झाल्यावर आठ-दहा दिवस काही होत नसायचं. जाऊबाई म्हणतात असलं काही खरं नसतं, फसाल. माझी पाळी तशी येते वेळेवर, म्हणजे २६ ते ३२ दिवसांत, पण गेल्या वर्षात दोन-तीनदा ३४ वर गेली होती. तर हे नैसर्गिक पद्धतीने करणं म्हणजे नक्की काय करायचं असतं, कोणी मनापासून केलंय का, आणि भरवसा किती? प्लीज "देवावर सोड" असं नका सांगू.

मोगरा८८:
सासूबाई बरोबर आहेत, पाळीनंतर दहा दिवस आणि पाळीच्या आधी दहा दिवस सेफ, मधले सोडायचे. आमच्याकडे सगळ्या हेच करतात.

टिळकरोड:
मोगरा, राग मानू नका पण हे असं सरसकट सांगू नका कोणाला. पाळीनंतरचे दहा दिवस सेफ हा सगळ्यात घातक गैरसमज आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.

हिशोब असा आहे बघा. बीज सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी. आलेल्या पाळीपासून मोजायचं नसतं, पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं असतं, आणि पुढची कधी येणार हे आधी कोणाला माहीत असतं? सुटलेलं बीज १२ ते २४ तासच टिकतं पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे धोक्याचे दिवस साधारण सहा, बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस.

आता जुईच्या आईचंच घ्या. २६ दिवसांचं चक्र असेल तर बीज सुटणार १२व्या दिवसाच्या आसपास, म्हणजे ७व्या दिवसापासून धोका. पाळी पाच दिवस चालली तर संपून जेमतेम एक दिवस झालेला असतो! आणि तिचंच चक्र ३४चं झालं तर बीज सुटणार २०व्या दिवसाच्या सुमारास. एकाच बाईच्या दोन महिन्यांत एवढा फरक. अॅप काय करतं तर मागच्या महिन्यांची सरासरी काढून हिरवा रंग भरतं, तुमच्या शरीरात या महिन्यात काय चाललंय ते त्याला कळत नाही. पाळी कधी येईल याचा अंदाज घ्यायला अॅप छान आहे, पण त्या हिरव्या रंगावर कंडोम बाजूला ठेवू नका.

राईनकाठची:
मी जर्मनीत असते, इथे ही पद्धत बऱ्यापैकी रुळलेली आहे, रीतसर शिकवणाऱ्या बायका असतात आणि मीही तशीच शिकले, आता बरीच वर्षं करतेय. त्यामुळे सविस्तर लिहिते, लांबेल.

सगळ्यात आधी एक, कॅलेंडर मोजणं म्हणजे ही पद्धत नाही. कॅलेंडर हा अंदाज झाला. इथे रोज दोन गोष्टी बघायच्या असतात, तापमान आणि स्राव.

तापमान म्हणजे सकाळी जाग आल्यावर उठायच्या, बोलायच्या, पाणी प्यायच्या आधी, अंथरुणातच घ्यायचं. बीज सुटल्यानंतर शरीराचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं आणि पुढची पाळी येईपर्यंत तसंच वर राहतं. फरक इतका बारीक आहे म्हणून थर्मामीटर दोन दशांश स्थळं दाखवणारा घ्या, तापाचा साधा असतो त्यात सेल्सिअसचा एवढा बारीक फरक नीट दिसत नाही. आणि रोज एकाच पद्धतीने घ्या, आज काखेत उद्या तोंडात असं नाही. काखेत तर घेऊच नका, जिभेखाली तीन मिनिटं.

स्राव म्हणजे आपण अंगावरून पांढरं जातं म्हणतो ते. पाळीनंतर काही दिवस कोरडं वाटतं, मग चिकट, मग दाट मलईसारखं, आणि बीज सुटायच्या जवळ आलं की पारदर्शक, निसरडं, दोन बोटांत धरून ताणलं तर तार येते, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. तसं दिसायला लागलं की समजायचं दिवस भरवशाचे नाहीत. बऱ्याच जणींना वाटतं आपल्याला काहीतरी इन्फेक्शन झालंय आणि त्या औषध घेतात! खाज, वास, हिरवट-पिवळा रंग असेल तर डॉक्टरकडे जायचं, नुसतं पारदर्शक ताणलं जाणारं असेल तर ते अगदी नॉर्मल आहे. हे कोणीतरी शाळेतच सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं.

आता नियम. आधीच्या सहा तापमानांपेक्षा वर अशी सलग तीन तापमानं यायला हवीत, आणि त्यातलं तिसरं निदान ०.२ अंशाने वर हवं. स्रावाचं बघायचं तर सगळ्यात निसरडा दिवस गेल्यावर त्यापुढचे तीन दिवस मोजायचे. या दोन्हींपैकी जे उशिरा पूर्ण होईल ते धरायचं, त्या संध्याकाळपासून पुढची पाळी येईपर्यंत मोकळे. हा पाळीआधीचा टप्पा या पद्धतीतला सगळ्यात पक्का भाग. पाळीनंतरचे सुरुवातीचे दिवस कच्चे, कारण बीज कधी सुटणार हे आधी सांगता येत नाही. सुरुवातीला फक्त पहिले पाच दिवस धरतात, निदान १२ चक्रांची नोंद हातात आली की मग तापमान सगळ्यात लवकर कधी चढलं होतं तो दिवस घेऊन त्यातून आठ वजा करतात, तेवढेच दिवस मोकळे, आणि तेही मध्ये ओला स्राव दिसला तर लगेच बंद.

भरवशाचं विचारलंत म्हणून, २००७ मध्ये इथला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ९०० बायका आणि १७ हजारांच्या वर चक्रं. ज्यांनी धोक्याच्या दिवसांत संबंध पूर्ण टाळले त्यांच्यात वर्षाला १०० मागे ०.४ इतकेच गर्भ राहिले, आणि कसंही वागलेल्या सगळ्या धरून १.८. आकडा सुंदर आहे पण त्या सगळ्या नीट शिकलेल्या आणि पाठपुरावा असलेल्या बायका होत्या हे विसरून चालणार नाही.

वसईची_माय:
आमच्याकडे हे नवीन नाही. आम्ही वसईचे ख्रिस्ती, लग्नाआधी चर्चमध्ये विवाहपूर्व शिबिर असतं त्यात हे शिकवतात. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या परिपत्रकाने कृत्रिम साधनांना नकार कायम ठेवला आणि नैसर्गिक पद्धतीला मोकळीक दिली, त्यामुळे श्रद्धावंत घरांत हाच मार्ग. ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज नवरा-बायकोने, दोघंही डॉक्टर, स्रावावरची पद्धत बसवली, आमच्या वेळी तीच शिकवली जायची, तापमान वगैरे नव्हतं.

पण मला वेगळंच सांगायचंय. शिबिरात नवरा-बायको दोघांना शेजारी बसवून शिकवायचे हे मला आता कळतं किती महत्त्वाचं होतं. तेव्हा आम्ही दोघंही लाजेने मान खाली घालून बसलो होतो. बाईला कितीही कळलं तरी ती रात्री "आज नको" म्हणू शकते का आणि म्हटल्यावर समोरचा ऐकतो का, सगळं तिथे येऊन थांबतं. माझ्या ओळखीतल्या ज्यांचं जमलं त्यांचे नवरे विचारायचे, आज काय लिहिलंयस म्हणून. ज्यांचे विचारत नव्हते त्यांच्या वह्या भरलेल्या होत्या आणि पाळणेही. आता आमच्यातही बऱ्याच जणी दोन मुलांनंतर ऑपरेशन करून घेतात, मी कोणाला दोष देत नाही.

जुईची_आई, तुम्ही लिहिलंय नवऱ्याची तक्रार नाही. तक्रार नसणं वेगळं आणि यात असणं वेगळं. आधी हे दोघांनी बसून वाचा.

ओपीडीनंतर:
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे फक्त माहिती म्हणून लिहितेय, तपासल्याशिवाय सल्ला देत नाही.

अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे रेघा येत असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. पण याचा अर्थ कंडोम आणि नैसर्गिक पद्धत एवढेच दोन पर्याय उरले असा नाही. छाया नावाची गोळी आहे, ती हार्मोनची नाही, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एक. उपकेंद्रात, आशाताईंकडे मोफत मिळते. हिने पाळी लांबते कधीकधी, त्यामुळे ती घेत असताना चक्र मोजण्यात काही अर्थ राहत नाही. दुसरं म्हणजे हार्मोनवाली तांबी, तिच्यात इस्ट्रोजेन नसतं आणि ती उलट रक्तस्राव कमी करते. महाग पडते, पण तुमचा अनुभव कॉपरच्या तांबीचा आहे म्हणून हिचं नाव मुद्दाम घेतेय. तुम्हाला चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

आता तुलनेसाठी आकडे. काहीच न वापरता वर्षभरात १०० जोडप्यांपैकी ८५ जणींना दिवस जातात. बाहेर काढून घेण्यावर भिस्त ठेवली तर २०. कंडोम जसा प्रत्यक्षात वापरला जातो तसा १३, दर वेळी अचूक वापरला तर २. गोळ्या रोजच्या वापरात ७. कॉपरची तांबी एकाहून कमी. नैसर्गिक पद्धतींचा प्रत्यक्ष वापरातला आकडा २ पासून २३ पर्यंत जातो, कारण नुसतं बोटावर दिवस मोजणाऱ्या आणि राईनकाठचीसारखं शिकून करणाऱ्या सगळ्या त्यात येतात. म्हणून "नैसर्गिक पद्धत चांगली की वाईट" या प्रश्नाला उत्तर नाही, कोणती पद्धत आणि कोण करतंय ते विचारायचं.

पीसीओडी, थायरॉइड नियंत्रणात नाही, बाळंतपण नुकतंच झालंय, हार्मोनच्या गोळ्या आत्ताच बंद केल्यात, पाळी जायचं वय जवळ आलंय, रात्रपाळीची नोकरी आहे, यातलं काही असेल तर यावर एकट्यावर राहू नका. आणि गुप्तरोगांपासून ही पद्धत कुठलंच संरक्षण देत नाही, ते काम कंडोमच करतो.

एक अजून. अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहत नाहीत असं सगळ्या म्हणतात. ते खरं आहे, पण तीन अटी एकत्र असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर दिवसरात्र, आणि पाळी परत आलेली नाही. तिन्ही असतील तर ९८ टक्के खात्री. एक तुटली की संपलं. दर वर्षी कितीतरी जणी "पाजतेय ना अजून" म्हणत चौथा महिना लागल्यावर येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

पुस्तकातला_किडा:
एक जुनी गोष्ट सांगतो, विषयाला धरूनच आहे. १९५१ मध्ये आपल्या सरकारच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठवलं होतं. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर, गांधीजींच्या विचारांच्या, त्यामुळे कृत्रिम साधनांपेक्षा सुरक्षित काळाच्या पद्धतीवर भर. दिल्लीची लोधी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे प्रयोग झाले. बायकांना मण्यांची माळ दिली, रोज एक मणी सरकवायचा, हिरवा म्हणजे मोकळा दिवस आणि लाल म्हणजे टाळायचा. प्रयोग फारसा चालला नाही. माळ बाईच्या हातात दिली, निर्णय मात्र तिच्या एकटीच्या हातात नव्हता, असं मला ते वाचताना वाटलं होतं, वसईची_माय म्हणाल्या तेच. आणि त्याच्याही ३० वर्षं आधी, १९२१ पासून, आपले र. धों. कर्वे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, साधनं वापरा म्हणून उघडपणे सांगत होते, त्यापायी त्यांनी नोकरीही सोडली.

माळ पुढे परत आली, अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने हिशोब नीट बसवून, आपल्याकडे तिला मालाचक्र म्हणायचे. नियम सोपा, चक्र २६ ते ३२ दिवसांचं असेल तर ८ ते १९ हे दिवस टाळायचे. काटेकोर पाळलं तर वर्षाला १०० पैकी ५, प्रत्यक्षात १२. पण वर्षात दोनदा चक्र या मर्यादेबाहेर गेलं तर ही पद्धत सोडायची असते. जुईची_आई, तुमचं तर दोन-तीनदा ३४ वर गेलंय, म्हणजे माळ तुमच्यासाठी नाहीच.

ठाणेकर_बाबा:
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना. आमच्या घरी थर्मामीटर माझ्या उशाशी असतो. गजर माझा, तापमान वाचून वहीत लिहितो मी, बायको डोळे मिटूनच असते. याचा फायदा असा की कुठला दिवस आहे हे मला विचारावंच लागत नाही आणि तिला नाही म्हणावं लागत नाही. धोक्याच्या दिवसांत आम्ही कंडोम वापरत नाही, टाळतोच. कारण सरळ आहे, एरवी कंडोम फाटला तर बहुतेक वेळा निभावतं पण यात तुम्ही तो फक्त धोक्याच्याच दिवसांत वापरणार, म्हणजे फाटला तर नेमका तेव्हाच फाटणार. ज्यांना टाळणं जमणार नाही त्यांनी जरूर वापरावा, फक्त मग आपला भरवसा कंडोमइतकाच आहे हे लक्षात ठेवावं.

दुसरं मूल झालं की मी नसबंदी करून घेणार, ठरलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषांचं ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन कितीतरी सोपं, पोट उघडायचं नाही, त्याच दिवशी घरी. हे आकडे मी ऑफिसातल्या मित्रांना दाखवत असतो.

जुईची_आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणी समोर बसूनही सांगितलं नसतं. नवऱ्याला सगळं वाचायला दिलं. तो म्हणाला थर्मामीटर मी आणतो. आम्ही असं ठरवतोय की सध्या कंडोम आहे तसाच रोज चालू ठेवायचा आणि बाजूने नुसत्या नोंदी करायच्या, काही महिने. नीट जमतंय असं वाटलं तरच पाळीआधीच्या टप्प्यात कंडोम बंद, पाळीनंतरच्या दिवसांत नाहीच. आणि हार्मोनवाल्या तांबीचं डॉक्टरांना विचारून ठेवते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दोन शंका. मुलगी रात्री दोनदा तरी उठवते, मग तापमान खरं येईल का? आणि मध्येच कधी कंडोम फाटला आणि ती ७२ तासांची गोळी घ्यावी लागली तर त्या महिन्याच्या नोंदींचं काय?

ओपीडीनंतर:
दुसऱ्या शंकेचं मी सांगते. ती गोळी जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तास ही शेवटची मर्यादा समजा, वाट बघत बसू नका. तिच्यात इस्ट्रोजेन नाही त्यामुळे अर्धशिशीची अडचण नाही. गोळीने बीज सुटणं पुढे ढकललं जातं म्हणजे ते चक्र पूर्ण बिघडतं, त्या महिन्याच्या नोंदींवर काहीही ठरवायचं नाही, पाळी येईपर्यंत कंडोम. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची टेस्ट करा. आणि तरीही दिवस राहिलेच आणि नको असतील तर २०२१ च्या सुधारणेनंतर साधन फसलं हे कारण कायद्याने ग्राह्य आहे, लग्न झालेलं असो नसो, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी काही करू नका एवढीच विनंती.

राईनकाठची:
पहिल्या शंकेचं, लहान मुलांच्या आया हेच विचारतात. मध्ये उठलात म्हणून लगेच आकडा खोटा ठरत नाही, बऱ्याच जणींना फरकच पडत नाही. त्या दिवशी वहीत बाजूला लिहा, मुलगी उठली, उशिरा झोपले, सर्दी, ताप, प्रवास, लग्नघरी जागरण, जे असेल ते. दोन-तीन महिन्यांत तुम्हाला दिसेल की तुमचं तापमान कशाने हलतं आणि कशाने नाही. एखादा आकडा एकदम वर उडालेला दिसला आणि बाजूला कारण लिहिलेलं असेल तर त्याला कंस करा आणि सहा-तीन मोजताना धरू नका. कारण लिहिलेलं नसेल तर मात्र मनाने वगळायचं नाही. आणि ताप आलेला असेल त्या दिवसांत तीन चढे आकडे मिळाले म्हणून मोकळं व्हायचं नाही, ताप उतरल्यावर परत पहिल्यापासून मोजा. पहिल्या महिन्याची वही झाली की इथे फोटो न टाकता नुसते आकडे लिहा, आपण बसून बघू.